तलावातल्या खांबापर्यंत

“डोमाभाऊ, डोंगा हालू देऊ नका जी. मी वर पाय टाकते. तुमी खांबाले घट्ट धरा.”

“धरलो बाई, धरलो. इतकं घट्ट तं म्या लग्नात बायकोचा हात बी नाई धरला.”

डिंपल हसली नाही. तिची नजर वर होती, खांबाच्या टोकाशी, जिथे तारेचा जळका तुकडा उन्हात लोंबत होता. डोमाने डोंग्यात गुडघे रोवले आणि सिमेंटच्या खांबाला मिठी मारली. खांब असा तापला होता की छातीला चटका बसला, पण त्याने हात सैल केला नाही.

पळसबोडीच्या तलावात उभा असलेला हा खांब म्हणजे गावाची एक जुनी गंमत होती. लाईन ओढली त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. तलावाचा हा कोपरा भेगा पडून वाळला होता, आणि हा तलाव आहे, हे बाहेरगावच्या ठेकेदाराला सांगायचं कोणाला सुचलं नाही. पलीकडच्या ढिवरटोलीला, म्हणजे मासेमार ढिवरांच्या वस्तीला, जवळची वाट म्हणून त्याने नाकासमोर खांब गाडले आणि तो निघून गेला. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला आणि एक खांब पाण्यात उभा राहिला तो कायमचा. तेव्हापासून टोलीची लाईन बिघडली की वायरमनला आधी डोंगा शोधावा लागे, आणि डोंगा म्हणजे डोमा. आता मे संपत आला होता, पाणी आटलं होतं, पण खाली चिखल असा की माणूस मांडीपर्यंत रुतावा. तिथे धड चालता येत नाही, धड पोहता येत नाही. डोमा स्वतःला वीज कंपनीचा बिनपगारी नोकर म्हणवून घ्यायचा आणि त्याची त्याला भारी ऐट होती.

आधीचा वायरमन नथ्थू गुडघे गेल्यावर घरी बसला आणि त्याच्या जागी गोंडपिपरीहून ही डिंपल आली. पहिल्या दिवशी टोलीने तोंडाला पदर लावून हसून घेतलं होतं. डिंपल नावाची पोरगी, बारीक मनगटाची, आणि खांबावर चढणार! ती चढली. उतरली तेव्हा टोलीत दिवे होते. मग हसू कुठे गेलं ते कोणाला कळलं नाही, आणि इंदिराबाईने, म्हणजे डोमाच्या बायकोने, तिच्यासाठी चहा टाकला.

आज मात्र डोमाला चहाही गोड लागला नव्हता. सकाळी पाळीवर, तलावाच्या बांधावर उभी राहून डिंपलने नेहमीचा प्रश्न विचारला होता.

“टोलीत कोणाकडं जनरेटर, इन्व्हर्टर काही आहे का जी? तुमच्या घरी तं सोलर आहे ना, डोमाभाऊ? बॅटरी बी बसवली म्हणते.”

“आहे. पर मेन पाडूनच चालवतो आमी. अना आता तं बंदच करून आलो.”

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. मधलं साफ खोटं होतं.

त्याचं असं झालं होतं. टोलीत एकाच छपरावर सोलरच्या प्लेटा होत्या, आणि ते छप्पर डोमाचं होतं. तलावातली मासोळी बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि सकाळी बाजारात न्यायची, हा इंदिराबाईचा धंदा; पेटीला वीज लागते म्हणून त्यांनी सरकारी योजनेतून प्लेटा बसवून घेतल्या. दिवसा उन्हाची वीज घरात वापरायची, उरली तर ती तारेवरून बाहेर जाते, रात्री तारेवरची वीज घरात येते. बसवणाऱ्या माणसाने हे सांगितलं तेव्हा डोमाला ते फारच आवडलं. “माह्या घरचं ऊन गोंडपिपरीच्या कचेरीतला पंखा फिरवून राह्यलं,” असं तो बाजारात भेटेल त्याला सांगायचा. ऐकणारा कंटाळला तरी त्याचा कंटाळा डोमापर्यंत पोचत नसे.

एकच काटा होता. तारेवरची वीज गेली की प्लेटाही झोपायच्या. चंद्रपूरकडचं ऊन, डोकं फुटेल असं, प्लेटांना हात लावला तर फोड यावा, आणि घरातला पंखा मात्र ढिम्म. डोमाने बसवणाऱ्याला गाठून विचारलं होतं.

“नियम आहे, काका,” तो म्हणाला. “लाईन गेली का सोलर बंद पडलंच पायजे.”

“कोणाचा नियम? सुर्व्याचा का कंपनीचा?”

तो माणूस हसून गाडीवर बसला आणि गेला. तेव्हापासून डोमा त्या नियमाला शिव्या देत आला होता. भाऊबंदकीतल्या माणसाला द्याव्यात तशा, नेमाने आणि चवीने. हा नियम कुठेतरी मुंबईला गार खोलीत बसून काढला असणार, त्याला कधी घाम आलेला नसणार, त्याच्या पेटीतली मासोळी कधी नासलेली नसणार, असं तो म्हणायचा.

यावर तोड काढली पिंटूने. पिंटू हा इंदिराबाईचा भाचा. तालुक्याच्या बाजारात मोटारी दुरुस्त करायचा आणि कुठल्याही कामाला नाही म्हणायचा नाही. त्याने एक बॅटरी आणि इन्व्हर्टर आणून बसवला आणि दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर बनवून दिली. “लाईन गेली का आधी मेन पाडायचा, आत्या. मंग हे पिन इथी खुपसायची. प्लेटाईले वाटते, लाईन आली. मंग त्या जाग्या होतेत.” मेन स्विच खाली पाडला की घराचा आणि बाहेरच्या तारेचा संबंध तुटतो, एवढं त्याने दोनदा बजावलं. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा डोमा शिडी लावून छपरावर गेला. त्याने प्लेटांकडे पाहिलं, मग डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

“सुर्व्याले फसवलं रे पिंट्या!” तो वरूनच ओरडला.

मग वैशाख आला. शेजारच्या भागीरथाबाईची सून रिना बाळंत होऊन माहेराहून आली, आणि लेकरू उन्हाने सुकायला लागलं. अंगभर घामोळ्या, दूध तोंडात धरीना. एका दुपारी लाईन गेली. इंदिराबाईचे हात मासोळीने भरलेले, पेटीतला बर्फ विरघळतोय. घाईत ती मेन पाडायला विसरली आणि पिन खुपसून मोकळी झाली. आणि शेजारून भागीरथाबाईची किंकाळी आली.

“माय वो! पंखा फिरला!”

लोक आपापल्या घरातून बाहेर आले. टोलीची लाईन गेलेली, समोरच्या गावात चक्की बंद, आणि भागीरथाबाईच्या घरात तिचा जुना पंखा खट्‌ खट्‌ करत फिरत होता. त्या पंख्याची एक पाती वाकडी होती. तो फिरला की सगळ्या टोलीला ऐकू यायचा. पलीकडे लटारूच्या ओसरीतला बल्बही पेटला होता. लोक डोमाच्या अंगणात जमले आणि मान वर करून छपराकडे बघत उभे राहिले. म्हाताऱ्या लटारूने तर डोक्यावरचा दुपट्टा काढला.

“डोमा,” तो म्हणाला, “तुह्या घरचा सुर्व्या आमच्या घरी आला गा.”

त्या दिवशी डोमाची छाती किती फुगली हे सांगायला शब्द नाहीत. त्याने जन्मभर तलावातून काढलं आणि वाटलं. मासोळी वाटली, शिंगाडे वाटले, कमळाची देठं वाटली. पण ऊन वाटायचं भाग्य कोणाला मिळतं? त्या दिवसानंतर डोमाच्या घरचा मेन कधी खाली आला नाही. मेन पाडायचा म्हणजे लेकराच्या अंगावरचा वारा काढून घ्यायचा. ते कोणाच्याने होणार?

परवाच्या वादळात तलावातल्या खांबावरचा जंपर जळला. जंपर म्हणजे एका तारेला दुसऱ्या तारेशी जोडणारा तुकडा. तो तुटला आणि टोली गावापासून वेगळी पडली. दिवसा टोली डोमाच्या सूर्यावर चालायची आणि दिवस मावळला की अंधारात बसायची. आज डिंपल आली. डोमा डोंगा सोडायला निघाला तेव्हा दारातच बायकोला म्हणाला, “ते पिन काढून ठेव. पोरगी वर चढून राह्यली.” का काढायची, ते त्याने सांगितलं नाही. खरं तर त्यालाही नीट पटलेलं नव्हतं. उगीच डिंपलला दिसायला नको, कनेक्शन कापायला नको, एवढाच त्याचा हिशेब होता.

“हव,” इंदिराबाई म्हणाली होती, आणि तिने ती काढलीही होती.

डिंपल आता खांबाच्या मध्यावर होती. खांबाला ठोकलेल्या लोखंडी पायऱ्यांवर तिचे बूट एकामागून एक पडत होते. कमरेचा पट्टा तिने खांबाभोवती टाकला, ओढून पाहिला, आणि खाली वाकून हात केला.

“दांडा द्या.”

हातभर लांब पिवळा दांडा होता, टोकाला पितळी हूक. हुकाला तांब्याची जाड वायर, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी खुंटी. तारेत चुकून वीज असलीच तर ती माणसाऐवजी या वायरीतून जमिनीत जावी, म्हणून ही खुंटी तळाच्या चिखलात खोल रोवायची; हे डोमाचं ठरलेलं काम होतं. त्याने दांडा वर दिला, खुंटी रोवली, आणि डिंपल आणखी वर, तारेपाशी गेली.

“आता खांब सोडा. पाण्यात हात घालू नका.”

“तार मेलेली आहे ना, बाई. गावातून फ्यूज तं तूच काढून आणले.”

“आणले. खिशातच आहेत.” डिंपलने छातीवरच्या खिशावर थाप मारली. काम होईपर्यंत फ्यूज तिच्या खिशात असायचे, म्हणजे तिच्या मागे कोणी लाईन चालू करू शकत नसे. “पर दांडा टाकल्याबिगर मी तारेले हात लावत नाई. माह्या मायनं सांगतलं तरी नाई.”

डोमाने हात मांडीवर ठेवले. तलावावर वारा नव्हता. एक पाणकोंबडी चिखलातून चालत होती, तिच्या पायांचा चुबुक चुबुक आवाज येत होता. इतकी शांतता होती. आणि त्या शांततेत, पाण्यावरून सरकत, टोलीकडून एक आवाज आला.

खट्‌. खट्‌. खट्‌.

डोमाला आधी तो आवाज कळलाच नाही. ओळखीच्या माणसाने बाजारात हाक मारावी आणि आपण क्षणभर इकडेतिकडे बघावं, तसं झालं. मग तो कळला: भागीरथाबाईचा पंखा. त्याने तोंड उघडलं. वर डिंपलने दांडा उचलला होता, पितळी हूक तारेच्या दिशेने चालला होता, आणि तिचा दुसरा हात खांबावर, तारेपासून वीतभर अंतरावर होता.

“डिं...”

फट्‌कन आवाज झाला. भर उन्हात, सूर्य डोक्यावर असताना, हुकाच्या टोकाशी एक निळं काहीतरी फुललं आणि विझलं. एवढ्या उजेडातही ते डोळ्यांत घुसलं. जळका वास खाली उतरला. पाणकोंबडी उडाली.

टोलीकडचा खट्‌ खट्‌ थांबला.

डोमाने मान वळवली. तलावापलीकडे टोलीची कौलं आणि टिना दिसत होत्या, आणि त्यांच्या मध्ये त्याच्या छपरावर निळ्या प्लेटा आरशासारख्या चमकत होत्या. तिथून इथपर्यंत. त्याने मनातच वाट चालून पाहिली. छपरावरून घरात, घरातून तारेवर, टोलीच्या खांबांवरून पाण्यावर, आणि पाण्यावरून या पोरीच्या बोटांपर्यंत. ज्या उन्हाने लेकराच्या अंगावर वारा घातला, तेच ऊन इथे तोंड वासून बसलं होतं. दोन्ही त्याच्याच घरचं. त्याला भीती वाटली, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं. पुराच्या वेळी काठावर उभं राहिल्यावर वाटतं तसं. पाय मागे घ्यावेसे वाटतात आणि नजर निघत नाही.

डिंपल बराच वेळ हलली नाही. दांडा तारेला लटकवलेला होता. मग ती सावकाश खाली आली, डोंग्यात बसली, आणि तिने पाण्याची बाटली उघडायचा प्रयत्न केला. झाकण फिरेना. डोमाने बाटली घेतली, उघडली आणि परत दिली.

“कोणाकडचं होय हे?” तिने विचारलं.

डोमाला अजून एक खोटं बोलता आलं असतं. पिंटूच्या नावावर ढकलता आलं असतं.

“माह्यं.”

“मेन पाडूनच चालवतो म्हणे तुमी.”

“खोटं बोललो, बाई. मेन वरच रायते. शेजारी लेकरू आहे, घामोळ्यानं भरलं. त्याच्यासाठी.”

डिंपल पाणी प्यायली. थोडं तोंडावर मारलं. तिचं वय डोमाच्या धाकट्या मुलीएवढं होतं, जी लग्न होऊन माजरीला गेली होती.

“लाईन गेली का प्लेटा झोपतेत,” ती म्हणाली. “तो नियम काऊन केला, कोणी सांगतलं होतं का तुमाले?”

“नाई.”

“माह्यासाठी केला जी. मी वर असते तवा खालून कोणाच्या घरून काही येऊ नये म्हणून.” बोलताना ती स्वतःलाच सांगत असल्यासारखी तारेकडे पाहत होती. “दुसरं काही कारण नाई त्याचं.”

डोमा तिच्याकडे बघतच राहिला. ज्या नियमाला तो इतके दिवस शिव्या देत आला, तो मुंबईच्या गार खोलीत बसलेला नव्हता. तो त्याच्याच डोंग्यात बसून पाणी पीत होता, त्याच्या कपाळावर घाम होता, आणि त्याची मनगटं बारीक होती. डोमाला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण असं केलं तर डोंगा कलंडेल, म्हणून तो तसाच बसून राहिला.

“जा तुमी,” डिंपल उठत म्हणाली. “पिन काढा, मेन पाडा, अना तुमच्या घरचे फ्यूज काढून माह्याकडं आना. मी इथीच आहे. दांडा सोडून मी जात नाई.”

ती पुन्हा पायऱ्यांवर चढून पट्टा टाकून बसली, आणि डोमाने डोंगा वळवला. इतक्या वर्षांत तलावाची ही रुंदी त्याला कधी जाणवली नव्हती. आज बांबू चिखलात रुतत होता आणि टोली काही केल्या जवळ येत नव्हती.

इंदिराबाई दारातच उभी होती. घरातून जळकट वास येत होता. मागे भागीरथाबाई लेकराला पदराने वारा घालत होती.

“मशीन फट्‌कन बंद पडली,” इंदिराबाई म्हणाली. मग तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. “अवो... पोरगी?”

“बरी आहे.”

इंदिराबाई उंबरठ्यावर खाली बसली. “म्या काढली होती पिन. लेकरू लय रडून राह्यलं होतं, लालेलाल झालं. म्या म्हटलं, तार तं तिकडं तलावातच तुटली आहे. नहर फुटला तं धानाच्या बांधीतलं पाणी बांधीतच रायते ना जी? टोलीतलं टोलीतच राहीन, असं वाटलं मले.”

बरोबरच होतं तिचं. डोमाच्याही डोक्यात तेच होतं, फक्त त्याने ते बोलून दाखवलं नव्हतं. त्याने पिन काढली, मेन पाडला, आणि चिनी मातीचे पांढरे फ्यूज उपटून हातात घेतले.

“टोलीतच राह्यलं, इंदिरे,” तो म्हणाला. “पर आपली टोली त्या खांबापर्यंत आहे.”

भागीरथाबाईने लेकरू रिनाच्या मांडीवर दिलं आणि ती आपल्या घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत तिच्या घरचा फ्यूज होता.

“वहिनी, तुह्या घरी काय आहे? एक पंखा अना दोन बल्ब. तुह्या घरून काय जाणार?” डोमा म्हणाला.

“मले काय समजते त्यातलं? पर पंखा तं माह्याच घरचा फिरत होता ना?” भागीरथाबाईने फ्यूज पदराच्या टोकात बांधला आणि गाठ मारली. “ते पोरगी उतरेपर्यंत हे माह्याजवळ रायन.”

मग लटारूची सून निघाली. मग कोपऱ्यावरचा झिंगू. टोलीत बातमी उन्हापेक्षा लवकर पसरते. डोमा डोंग्यापाशी पोचेपर्यंत मागून सगळी टोली पाळीवर येऊन बसली होती, पळसाच्या विरळ सावलीत, कोणी पदरात, कोणी दुपट्ट्यात, कोणी मासोळीच्या टोपलीत आपापल्या घरचा फ्यूज घेऊन. रिनाही लेकरू घेऊन आली. इंदिराबाईने ओल्या लुगड्याचा तुकडा त्याच्या अंगावर टाकला होता आणि पाण्यावरची थोडीशी झुळूक त्याला लागत होती. ते रडायचं थांबलं होतं.

डोमाने खांबाशी डोंगा लावला आणि उभं राहून फ्यूज वर केले. डिंपलने ते वाकून घेतले, खिशात टाकले आणि खिशाचं बटण लावलं. मग तिची नजर पाळीकडे गेली.

“ते लोक काय करून राह्यले जी?”

“फ्यूज काढून बसले. तू उतरेपर्यंत कोणी हालणार नाई.”

“सगळ्याईची गरज नव्हती, डोमाभाऊ. तुमच्या एकट्याचं पुरे होतं.”

“त्याईले सांगून पाह्य.”

डिंपल पट्ट्यावर रेलून पाळीकडे बघत राहिली. मग तिने हेल्मेट नीट केलं, हातमोजे चढवले, टोकाशी गेली आणि जळक्या तुकड्याला हात घातला. डोमाने आपोआप श्वास धरला. काही झालं नाही. ती पक्कड चालवत होती, वायर पिळत होती, मध्येच गालावरचा घाम खांद्याला पुसत होती. खालून तिचे फक्त बूट आणि उन्हाने काळवंडलेलं कोपर दिसत होतं. डोमाने आयुष्यात या खांबाखाली किती दुपारी काढल्या होत्या, पण वर काय चालतं हे त्याने आजवर कधी पाहिलंच नव्हतं. नथ्थूच्या वेळी तो खाली गळ टाकून बसायचा.

काम झालं. ती खाली आली, तिने दांडा गुंडाळला, डोमाने खुंटी उपटली. डोंगा पाळीकडे निघाला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, “मले हे कळवा लागन, डोमाभाऊ. ऑफिसात. वाईट वाटून घेऊ नका.”

“कळव.”

“तुमचं सोलर काही दिवस बंद ठेवतीन. मंग एक हँडल बसवून घ्या पास झालेलं. एक तं लाईन, नाई तं तुमचं. दोन्ही संगं होतच नाई त्याच्यात. माणूस इसरला तरी हँडल इसरत नाई. अना त्या पिंटूची वायर मले द्या, मी घेऊन जाते.”

“मंग भागीरथाच्या घरी नाई जाणार ना वीज?”

“नाई जाणार.”

डोमा बांबू टेकत राहिला. पाळ जवळ आली तेव्हा म्हणाला, “तं मंग लेकराचा पाळणाच आमच्या घरी बांधू. ऊन तिकडं धाडण्यापरीस लेकरू इकडं आनू.”

डिंपल पहिल्यांदा हसली.

पाळीवर तिने एकेकाला सांगितलं, जा, लावा आता. लोक उठले. जाताना भागीरथाबाईने पदराची गाठ सोडून फ्यूज तिला दाखवला, देवळातला प्रसाद दाखवावा तसा, आणि पोरीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. इंदिराबाईने दोन्ही टोकांना पिन असलेली ती वायर गुंडाळी करून डिंपलच्या हातात दिली आणि मान फिरवली. डिंपल गाडीवर बसून गावाकडे गेली. थोड्याच वेळात तिने तिकडचे फ्यूज लावले असणार, कारण समोरच्या गावातली चक्की सुरू झाली आणि टोलीत एकदम गलका उठला. लाईन आली होती.

फक्त डोमाच्या घरी आली नाही. त्याच्या घरचे फ्यूज डिंपलच्या खिशात राहून गेले होते, बटण लावलेल्या.

दिवस मावळायला आला. टोलीतल्या घराघरांत दिवे लागले, आणि ज्या घराने टोलीला ऊन वाटलं, तेवढं एक घर अंधारात राहिलं. इंदिराबाईने बर्फाची पेटी लटारूच्या ओसरीत नेऊन लावली, चिमणी शोधून पेटवली आणि अंगणात येऊन म्हणाली, “अवो, फोन तं करा तिले. गोंडपिपरीहून यायले किती येळ लागते?”

“राहू दे.”

तेवढ्यात डोमाचाच फोन वाजला.

“डोमाभाऊ!” डिंपलचा आवाज धापा टाकत होता. “तुमचे फ्यूज माह्या खिशातच राह्यले जी! आत्ता घरी शर्ट काढताना हाती लागले. थांबा, मी आनून देते.”

“कायले येतं आता? जेव अना झोप. सकाळी आन.”

“अंधारात रायसान का रातभर? गरमी किती आहे!”

“रायतो ना, बाई,” डोमा म्हणाला. “आजच्या रोज तुह्याचजवळ राहू दे ते. मले बरं वाटते.”

“बरं जी,” ती पलीकडून म्हणाली.

डोमाने फोन खाटेवर ठेवला आणि तो तलावाकडे तोंड करून बसला. पाण्यावर अजून थोडा उजेड होता आणि त्यात खांब एकटा उभा दिसत होता. शेजारी भागीरथाबाईच्या घरात पंखा खट्‌ खट्‌ करत होता, लेकरू झोपलं असावं. इंदिराबाई सुपाने वारा घालत त्याच्या बाजूला येऊन टेकली. एकदा त्याला, एकदा स्वतःला, असा ती वारा घालत राहिली.